धूर, औषध आणि मनाचा आजार

स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवी विकार किंवा तीव्र नैराश्य यांसारखे गंभीर मानसिक आजार असलेल्या व्यक्तींचे आयुष्य इतरांच्या तुलनेत सरासरी १० ते २० वर्षांनी कमी भरते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हा आकडा प्रथमच ऐकणाऱ्याच्या मनात आत्महत्येचा विचार येतो, आणि आत्महत्यांचा वाटा त्यात आहेही. परंतु या अकाली मृत्यूंपैकी बहुतेक मृत्यू हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसांचे जुनाट विकार आणि कर्करोग यांनी, म्हणजे ज्या आजारांच्या कारणांत तंबाखूचा धूर अग्रभागी असतो त्या आजारांनी होतात. मन सावरण्यासाठी वर्षानुवर्षे औषधे घेणारा, नियमित तपासणीला येणारा रुग्ण पन्नाशीत हृदयविकाराच्या झटक्याने जातो, तेव्हा त्या मृत्यूची नोंद मानसोपचाराच्या खात्यात होत नाही, आणि त्यामुळेच हा प्रश्न दीर्घकाळ कोणाचाच राहिला नाही.

धूम्रपान आणि मानसिक आजार यांची सांगड किती घट्ट आहे, हे अमेरिकेत २००० साली कॅरेन लॅसर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून स्पष्ट झाले. त्या अभ्यासात, मागील महिन्याभरात मानसिक आजाराची लक्षणे असलेल्यांपैकी ४१ टक्के लोक धूम्रपान करत होते, तर ज्यांना असा आजार कधीच झाला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २२.५ टक्के होते. शिवाय देशात ओढल्या जाणाऱ्या एकूण सिगारेटींपैकी सुमारे ४४ टक्के सिगारेटी मानसिक आजार असलेल्या लोकांच्याच वाट्याला येत होत्या. पुढे २००५ मध्ये होजे डी लिऑन आणि फ्रान्सिस्को डियाझ यांनी २० देशांतील ४२ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा स्किझोफ्रेनिया आणि धूम्रपान यांचा संबंध एका देशापुरता नसून जवळजवळ सर्वत्र आढळतो, हे दिसून आले.

इतका मोठा धोका डोळ्यांसमोर असूनही मानसोपचाराने त्याकडे पाठ फिरवली, याची कारणे त्या शास्त्राच्या इतिहासात आहेत. विसाव्या शतकातील मनोरुग्णालयांत सिगारेट हे बक्षीसही होते आणि शिक्षेचे साधनही. अंघोळ केली, जेवण नीट घेतले, गोंधळ घातला नाही, तर सिगारेट मिळे. वागणूक बिघडली की ती काढून घेतली जाई. वर्तनसुधारणेच्या ज्या पद्धतीत चांगल्या वागणुकीबद्दल रुग्णाला बिल्ले देऊन त्यांच्या बदल्यात वस्तू दिल्या जात, त्या पद्धतीतही सिगारेट ही हमखास मागणी असलेली वस्तू होती. परिचारक आणि रुग्ण एकत्र बसून धूर सोडत, आणि कित्येकदा दोघांमधला खरा संवाद तेवढ्या वेळातच होई. अशा वातावरणातून एक समजूत रुजली, ती अशी की या माणसांच्या आयुष्यात दुसरे सुख ते काय उरले आहे, निदान एवढे तरी त्यांना असू द्यावे. ही समजूत करुणेतून आलेली होती, यात शंका नाही. पण तिने जितके जीव घेतले तितके उघड निष्काळजीपणानेही क्वचितच घेतले असतील.

या समजुतीला खतपाणी घालणारेही होते. अमेरिकेतील खटल्यांनंतर तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रे खुली झाली, आणि त्यांचा अभ्यास करून जुडिथ प्रोचास्का, शॅरन हॉल व लिसा बेरो यांनी २००८ मध्ये जे मांडले ते अस्वस्थ करणारे आहे. स्किझोफ्रेनिया असलेल्या व्यक्ती स्वतःच्या लक्षणांवर उपाय म्हणून धूम्रपान करतात, या कल्पनेला बळ देणाऱ्या संशोधनाला या उद्योगाने पैसा पुरवला होता, आणि रुग्णालयांतील धूम्रपानबंदीतून मनोरुग्ण विभागांना वगळावे यासाठीच्या प्रयत्नांनाही पाठबळ दिले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील रुग्णालये धूरमुक्त होऊ लागली, तेव्हा मनोरुग्ण विभागांना खरोखरच सवलत मिळाली, आणि ती मागणाऱ्यांत रुग्णांचे प्रामाणिक हितचिंतकही होते.

स्वयंउपचाराची ही कल्पना सर्वस्वी निराधार आहे, असे मात्र म्हणता येत नाही. मेंदूतील काही ग्राहींवर, म्हणजे रासायनिक संदेश स्वीकारणाऱ्या रेणूंवर, निकोटीनचा थेट परिणाम होतो, आणि स्किझोफ्रेनियात एकापाठोपाठ येणाऱ्या आवाजांपैकी अनावश्यक आवाज गाळण्याची जी क्षमता कमी झालेली असते, ती निकोटीनने थोड्या वेळापुरती सुधारते, असे कोलोरॅडोतील रॉबर्ट फ्रीडमन यांच्या गटाने दाखवले होते. परंतु हा परिणाम अल्पकाळ टिकणारा आहे, त्याच ग्राहींना लक्ष्य करून तयार केलेली औषधे मोठ्या चाचण्यांत अपेक्षित यश देऊ शकली नाहीत, आणि मुख्य म्हणजे निकोटीनचा काही उपयोग असलाच तरी तो मिळवण्यासाठी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड फुप्फुसांत ओढण्याची गरज नाही.

सिगारेटने किंवा विडीने मन शांत होते, हा मात्र कोट्यवधी लोकांचा प्रत्यक्ष अनुभव आहे, आणि त्याचे स्पष्टीकरण निकोटीनच्या गतीत सापडते. झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचते, आणि रक्तातील त्याचे प्रमाण साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. प्रमाण उतरू लागले की चिडचिड, अस्वस्थता, उदासी, एकाग्रतेचा अभाव आणि हातांची चाळवाचाळव सुरू होते. यालाच विरतीची लक्षणे म्हणतात, आणि बोलीत ज्याला तलफ म्हणतात ती त्यांच्यातच येते. पुढचा झुरका ही लक्षणे घालवतो, आणि ती आधीच्या झुरक्यामुळेच आली होती हे लक्षात न आल्याने श्रेय विडीला मिळते. नैराश्य किंवा चिंतेचा विकार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत हा घोटाळा अधिक गुंतागुंतीचा होतो, कारण विरतीची लक्षणे आणि तिच्या मूळ आजाराची लक्षणे दिसायला सारखीच असतात. त्यामुळे तिला, तिच्या घरच्यांना आणि पुष्कळदा डॉक्टरांनाही वाटते की विडी सोडल्यामुळे आजार उलटला आहे. वस्तुतः विरतीची लक्षणे पहिल्या आठवड्यात सर्वांत तीव्र असतात आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरतात.

हा टप्पा ओलांडल्यावर काय होते, याचे उत्तर जेमा टेलर व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये २६ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिले. धूम्रपान सोडलेल्या लोकांमध्ये चिंता, नैराश्य आणि ताण ही तिन्ही, धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेली आढळली. मानसिक आजार असलेल्यांतही ही सुधारणा इतरांइतकीच होती, आणि तिचे प्रमाण नैराश्यविरोधी औषधांनी होणाऱ्या सुधारणेच्या तोडीचे होते. हे अभ्यास निरीक्षणात्मक असल्याने, म्हणजे कोणी सोडावे आणि कोणी चालू ठेवावे हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नसल्याने, सुधारणेचे सारे श्रेय धूम्रपान सोडण्यालाच देता येत नाही. तथापि सोडल्याने मन बिघडते या जुन्या भीतीला मात्र त्यांत आधार मिळत नाही.

मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सोडायचेच नसते, हाही असाच एक गैरसमज आहे. सोडण्याची इच्छा किती जणांना आहे हे जिथे जिथे विचारले गेले, तिथे ती इतर धूम्रपान करणाऱ्यांच्या जवळपास तितकीच आढळली आहे. फरक असतो तो तंबाखूच्या पकडीत, कारण या व्यक्ती दिवसाला अधिक ओढतात, झुरका अधिक खोलवर घेतात आणि परिणामी निकोटीनवर अधिक अवलंबून असतात. आणि त्याहून मोठा फरक असतो तो मदतीत, कारण त्यांना ती देऊच केली जात नाही.

ही मदत सामान्य व्यसनमुक्ती केंद्राकडे चिठ्ठी देऊन भागण्यासारखी नाही, तिची जागा मानसोपचाराच्या आतच आहे, असे म्हणण्यामागे सर्वांत ठोस कारण औषधशास्त्राचे आहे, आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांनाही माहीत असणे अत्यंत आवश्यक आहे. यकृतात सीवायपी-१ए-२ नावाचे एक विकर असते, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. क्लोझापाइन आणि ओलॅन्झापाइन या स्किझोफ्रेनियावरील दोन महत्त्वाच्या औषधांचे विघटन बऱ्याच अंशी तेच करते. तंबाखू जळताना जी बहुचक्रीय हायड्रोकार्बन संयुगे तयार होतात, ती या विकराचे प्रमाण वाढवतात, त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातून ही औषधे लवकर बाहेर पडतात आणि तोच परिणाम साधण्यासाठी त्याला जास्त मात्रा द्यावी लागते. आता अशा रुग्णाने एखाद्या सोमवारी विडी बंद केली, तर विकराचे वाढलेले प्रमाण काही दिवसांतच उतरते, औषधाची मात्रा मात्र तीच राहते, आणि आठवडाभरात रक्तातील क्लोझापाइन दीडपटीपर्यंत, काही रुग्णांत त्याहूनही वर जाऊ शकते. गुंगी, तोंडातून लाळ गळणे, उभे राहताना रक्तदाब घसरणे, तीव्र बद्धकोष्ठता, आणि प्रमाण फारच वाढल्यास फिट येणे, असे त्याचे परिणाम होतात. ज्या रुग्णाने मोठ्या निर्धाराने विडी टाकली, तोच चार-पाच दिवसांनी झिंगल्यासारखा दिसू लागतो आणि घरचे म्हणतात की विडी होती तेव्हा बरा होता.

यावरचा उपाय सोपा आहे, परंतु तो आधी योजावा लागतो. सोडण्याची तारीख मानसोपचारतज्ज्ञांना ठाऊक असावी, शक्य असल्यास त्याआधी व त्यानंतर रक्तातील क्लोझापाइनचे प्रमाण तपासले जावे, आणि मात्रा टप्प्याटप्प्याने कमी केली जावी. पहिल्या आठवड्यात ती साधारण पाव हिश्शाने उतरवण्याची पद्धत प्रचलित आहे, पण ती किती आणि कधी उतरवायची हा निर्णय डॉक्टरांचाच, रुग्णाने वा नातेवाइकांनी परस्पर घ्यायचा नव्हे. येथे दोन बारकावे विसरता येत नाहीत. पहिला असा की विकराला चालना देतो तो धूर, निकोटीन नव्हे. म्हणून निकोटीनचे च्युइंगम किंवा त्वचेवर लावायचा पॅच वापरला तरी औषधाचे प्रमाण वाढायचे ते वाढतेच. दुसरा असा की दिवसाला ७ ते १२ सिगारेटीही या विकराला जवळजवळ कमाल चालना देण्यास पुरेशा ठरतात, त्यामुळे तीसवरून पंधरावर येणाऱ्याच्या औषधात फारसा फरक पडत नाही, तर दहावरून शून्यावर येणाऱ्याच्या औषधात मोठा पडतो. म्हणजे सर्वाधिक लक्ष शेवटच्या काही सिगारेटींकडे द्यावे लागते.

याच विकराशी निगडित असलेली, आणि घरोघरी लागू पडणारी, आणखी एक गोष्ट म्हणजे चहा-कॉफी. कॅफीनचे विघटनही सीवायपी-१ए-२ करते, त्यामुळे धूम्रपान सोडल्यानंतर पूर्वीइतकाच चहा घेणाऱ्याच्या रक्तात कॅफीन अधिक साठते, आणि धडधड, हातांचा कंप, निद्रानाश ही लक्षणे दिसू लागतात. ती विरतीची म्हणून किंवा आजार उलटल्याची म्हणून धरली जातात, आणि कित्येकदा पुन्हा विडी पेटवण्याचे निमित्त होतात. चहाचे कप आधीपासूनच कमी करावेत, हा सल्ला म्हणूनच क्षुल्लक मानू नये.

धूम्रपान सोडण्यास मदत करणाऱ्या औषधांविषयीही मानसोपचारात दीर्घकाळ धास्ती होती. व्हरेनिक्लिन हे औषध निकोटीनच्याच ग्राहींना अंशतः उद्दीपित करून तलफ कमी करते आणि सिगारेटमधून मिळणारे समाधानही बोथट करते. ब्युप्रोपिऑन हे मुळात नैराश्यावरचे औषध असून तेही तलफ कमी करते. या दोन्ही औषधांनी आत्महत्येचे विचार वा आक्रमकता वाढत असावी, अशा तक्रारींवरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये त्यांच्या माहितीपत्रकावर चौकटीतला कडक इशारा छापायला लावला, आणि ज्यांना या औषधांची गरज सर्वाधिक होती त्यांनाच ती मिळेनाशी झाली. या शंकेची तड लावण्यासाठी ‘ईगल्स’ ही चाचणी झाली. तिच्यात ८,००० हून अधिक धूम्रपान करणारे सहभागी होते, त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक जणांना मानसिक आजार होता, आणि व्हरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन, निकोटीन पॅच व औषधी गुण नसलेली गोळी यांची तुलना करण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत या औषधांमुळे मानसिक दुष्परिणाम लक्षणीय प्रमाणात वाढल्याचे आढळले नाही, आणि सोडण्यात यश देण्यात व्हरेनिक्लिन सर्वांत पुढे राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तो चौकटीतला इशारा काढून टाकण्यात आला. तरीही या चाचणीतील मानसिक आजार असलेले सहभागी स्थिर प्रकृतीचे होते हे लक्षात ठेवावे लागते. आणि ब्युप्रोपिऑनमुळे फिट येण्याची शक्यता वाढत असल्याने, ज्या क्लोझापाइनने तीच शक्यता वाढते त्याच्या सोबतीला ते देणे टाळणेच बरे.

सोडल्यानंतर टिकून राहणे हा या रुग्णांच्या बाबतीत अधिक अवघड भाग असतो. ईडन एव्हिन्स यांच्या गटाने स्किझोफ्रेनिया किंवा द्विध्रुवी विकार असलेल्या, आणि १२ आठवड्यांच्या उपचारानंतर धूम्रपान थांबवलेल्या ८७ व्यक्तींना दोन गटांत विभागले. एका गटाला व्हरेनिक्लिन पुढेही चालू ठेवले, दुसऱ्या गटाला निष्क्रिय गोळी दिली, आणि दोन्ही गटांना समुपदेशन सारखेच मिळाले. ५२ व्या आठवड्यात पहिल्या गटातील ६० टक्के, तर दुसऱ्यातील केवळ १९ टक्के व्यक्ती धूम्रपानापासून दूर होत्या. मधुमेहाचे किंवा रक्तदाबाचे औषध तीन महिन्यांनी बंद करण्याचा विचार कोणी करत नाही; तंबाखूच्या बाबतीत मात्र तीन महिन्यांनंतर काम संपले असे धरले जाते.

केवळ औषध पुरत नाही, हे इंग्लंडमधील ‘सिमिटार प्लस’ या चाचणीतून दिसते. यॉर्क विद्यापीठाच्या सायमन गिलबॉडी व सहकाऱ्यांनी गंभीर मानसिक आजार असलेल्या ५२६ व्यक्तींवर ती केली आणि २०१९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. या पद्धतीत धूम्रपानमुक्तीचे प्रशिक्षण घेतलेला मानसिक आरोग्य कर्मचारी रुग्णाला त्याच्या सोयीने, गरज पडल्यास त्याच्या घरी भेटे. एका फटक्यात सोडण्याची अट नव्हती, आधी कमी करत जाण्याची आणि तारीख ठरण्यापूर्वीच निकोटीनचे पॅच वापरण्याची मुभा होती. प्रयत्न फसला तर दार बंद होत नसे. आणि औषधाच्या मात्रेबाबत डॉक्टरांशी संपर्क ठेवला जाई. सहा महिन्यांनंतर या गटातील १४ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील ६ टक्के व्यक्तींनी धूम्रपान सोडले होते. वर्षभरानंतर हे प्रमाण अनुक्रमे १५ व १० टक्के होते, आणि तेव्हाचा फरक सांख्यिकीय दृष्ट्या निर्णायक राहिला नाही. हे यश तोकडे आहे, हे मान्यच करायला हवे. पण ज्यांच्याविषयी ही माणसे सोडूच शकत नाहीत असे गृहीत धरले गेले होते, त्यांच्यातील सातांपैकी एकाने सोडले, याचे मोल त्या एकाच्या घराला विचारावे.

रुग्णालयात बंदी घातल्यास दंगा होईल, कर्मचाऱ्यांवर हल्ले होतील, ही भीतीही अनुभवाच्या कसोटीला उतरली नाही. लंडनच्या साउथ लंडन अँड मॉड्स्ली या मानसिक आरोग्य संस्थेने ऑक्टोबर २०१४ मध्ये आपला सर्व परिसर धूरमुक्त केला, आणि तेथील नोंदींचे विश्लेषण डेबी रॉबसन व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले, त्यात शारीरिक हल्ल्यांचे मासिक प्रमाण ३९ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. कारण समजण्याजोगे आहे. पुढची सिगारेट केव्हा मिळणार, बाहेर कोण सोडणार, काडेपेटी कोणाकडे, यावरून दिवसभर होणारे तंटेच संपले. आणि दाखल होताच पॅच वा इतर निकोटीन देण्याची व्यवस्था असल्याने तलफेने रुग्ण कासावीस झाला नाही. बंदी आहे पण पॅच नाही, अशी व्यवस्था हा रुग्णाचा निव्वळ छळ ठरेल.

भारतातील चित्र थोडे वेगळे आहे. चेन्नईच्या ‘स्कार्फ’ या संस्थेतील टी. एन. श्रीनिवासन आणि आर. थारा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया असलेल्या पुरुष बाह्यरुग्णांपैकी ३८ टक्के धूम्रपान करणारे आढळले, म्हणजे पाश्चात्त्य देशांतील अनेक अभ्यासांपेक्षा पुष्कळच कमी. हातात पैसा किती, घरात कोणाचे लक्ष किती, यांवरही धूम्रपान अवलंबून असते. महाराष्ट्रात तर तंबाखूचा मुख्य मार्ग धूर नाहीच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते, पण धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते; उरलेले सारे चुना-तंबाखू, मिश्री, खर्रा आणि गुटखा यांचे. त्यामुळे परदेशातील पद्धती जशाच्या तशा येथे लावता येत नाहीत. दक्षिण आशियासाठी सिमिटार पद्धतीचे रूपांतर करून बंगळूरूच्या निम्हान्स या संस्थेत आणि रावळपिंडी येथे तिची प्राथमिक चाचणी घेण्याचे काम म्हणूनच महत्त्वाचे आहे.

धूरविरहित तंबाखूच्या या सुळसुळाटाचा औषधांशी असलेला संबंध येथील डॉक्टरांनी विशेष ध्यानात घ्यायला हवा. चुना-तंबाखूत निकोटीन भरपूर असते, पण जळणे नसल्याने विकराला चालना देणारी ती संयुगे धुरातून मिळतात तशी मिळत नाहीत. क्लोझापाइन घेणारा एखादा रुग्ण घरच्यांच्या आग्रहाखातर विडी सोडून तंबाखू मळू लागला, तर व्यसन तसेच राहते, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि औषध मात्र रक्तात वर चढते. म्हणून ‘तंबाखू घेता का’ एवढा प्रश्न बाह्यरुग्ण विभागात पुरेसा नाही; ओढता की खाता, दिवसाला किती, आणि मागील भेटीनंतर त्यात काय बदलले, हे तिन्ही विचारावे लागते.

मदतीची साधने येथे अगदीच नाहीत असे नाही. निकोटीनचे च्युइंगम औषधांच्या दुकानात मिळते, १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा निःशुल्क आहे, मानसिक आरोग्यासाठी २०२२ पासून टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक उपलब्ध आहे, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. उणीव आहे ती या सेवा एकमेकींशी जोडल्या जाण्याची. तंबाखूमुक्तीच्या समुपदेशकाने फोनवर प्रत्येकाला मानसिक आजाराची कोणती औषधे चालू आहेत हे विचारले, आणि मानसोपचार विभागातील परिचारिकेने प्रत्येक भेटीत तंबाखूची नोंद रक्तदाबाच्या नोंदीशेजारी केली, तर त्यासाठी नवी इमारत किंवा नवे यंत्र लागत नाही.

दाखल झालेल्या रुग्णाच्या बाबतीत हा दुवा सर्वांत सहज तुटतो. पुणे, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, अथवा एखाद्या खासगी रुग्णालयात, रुग्ण काही आठवडे धुराविना राहतो, त्या स्थितीत क्लोझापाइनची किंवा ओलॅन्झापाइनची मात्रा ठरते, आणि तो बरा होऊन घरी जातो. गावी पोहोचताच पानटपरीवर जुने मित्र भेटतात, विडी पुन्हा सुरू होते, विकर पुन्हा वाढते, आणि रुग्णालयात पुरेशी ठरलेली तीच मात्रा काही आठवड्यांत अपुरी पडू लागते. आवाज पुन्हा ऐकू येऊ लागतात, झोप उडते, आणि गोळ्या घेत नसावा असा संशय त्या रुग्णावर घेतला जातो, जो प्रत्यक्षात एकही गोळी चुकवत नसतो. ही उलटी वाट अडवण्यासाठी घरी सोडतानाच्या कार्डावर औषधाच्या नावापुढे ही मात्रा धूम्रपान बंद असताना ठरवलेली आहे, विडी-सिगारेट पुन्हा सुरू झाल्यास लगेच कळवावे, असे मराठीत एक वाक्य लिहिलेले असावे, आणि ते नातेवाइकांना वाचून दाखवलेले असावे.